खेळण्यांची वेगळी टोपली

मला लाळेची किळस येत नाही. शेंबडाची नाही, भरलेल्या डायपरचीही नाही. नागपूरला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करताना मी लोकांच्या थुंकीचे आणि शौचाचे नमुने काचेच्या बश्यांमध्ये वाढवले आहेत. कशात काय असतं हे एकदा माहीत झालं की माणूस निवांत होतो. त्यामुळे लेक झाल्यावर ती माझी हनुवटी चोखायची, माझ्या नाकात बोट घालून तेच बोट स्वतःच्या तोंडात घालायची, आणि मी हसायचे. मला शिसारी आली ती पुढे, एका अतिशय स्वच्छ घरात.

दोन हजार पाच साल होतं. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहायचो, पाइनच्या झाडांत दडलेल्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, तळमजल्यावर. नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जायचा. तो संध्याकाळी येईपर्यंत घरात मी आणि बाळ. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती आणि गाडी मला चालवता येत नव्हती. कॅरीत गाडी येत नसली की माणूस घरातल्या सोफ्यासारखा असतो. कोणी उचलून नेलं तरच हलायचं.

तेव्हा खेळणं हेच माझं कामकाज होतं. बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एवढंच सांगितलं होतं: तिला दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं ठेवा, तिच्याशी बोला, आणि बोलून झालं की गप्प बसा. तिला उत्तर द्यायला वेळ द्या. हे शेवटचं मला फार पटलं. मी तिला विचारायचे, "आज वरण करू की कढी?" आणि थांबायचे. ती माझ्या ओठांकडे बघायची, पाय झाडायची, कपाळाला आठ्या घालायची आणि बऱ्याच वेळानं म्हणायची, "अऽगू." "बरं, कढी," मी म्हणायचे. मग तिची पाळी संपली, माझी सुरू. असा आमचा अर्धा दिवस जायचा.

कार्पेटवर तिला पालथं घालायचे, छातीखाली टॉवेलची गुंडाळी द्यायचे आणि तिच्यासमोर मीही पालथी पडायचे, नाकाला नाक लागेल इतकी जवळ. मला बघायला म्हणून ती मान उचलायची, दमली की टॉवेलवर गाल टेकून द्यायची. बेडरूममधल्या कपाटाच्या सरकत्या दाराला मोठा आरसा होता. त्याच्यासमोर बसून आम्ही नाक कुठे आहे ते शोधायचो. ओढणीआड तोंड लपवून बुवा-कुक. पोटाला तोंड लावून फुर्र. सूटकेसमधून आणलेल्या स्टीलच्या वाट्या, एक लाकडी चमचा, पिठाची चाळणी. औषधाच्या रिकाम्या बाटलीत राजम्याचे चार दाणे टाकून झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली होती. तो खुळखुळा तिला दुकानातल्या कुठल्याही खेळण्यापेक्षा आवडायचा. स्वयंपाक करताना तिला उंच खुर्चीत बसवून मी जिऱ्याची डबी तिच्या नाकापुढे धरायचे, मग हिंगाची. हिंगाला ती तोंड वाकडं करायची आणि लगेच पुन्हा डबीकडे झेपावायची.

यात मी काही विशेष करत होते असं मला वाटत नव्हतं. घरात दोघीच होतो, दुसरं काय करणार?

ती सात महिन्यांची असताना एका शनिवारी आम्ही इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. नवरा तांदळाची पोती बघत होता. डाळींच्या रांगेत मी बाळाला म्हणाले, "ही तूर, ही मूग, आणि ही बघ, आपली मसूर." मागून आवाज आला, "मराठी वाटतं?"

 कितीतरी दिवसांत नवऱ्याशिवाय कोणी माझ्याशी समोरासमोर मराठीत बोललं नव्हतं. वळून पाहिलं तर चाळिशीकडे झुकलेली एक बाई, कडेवर माझ्या लेकीहून थोडा मोठा मुलगा. ती ठाण्याची होती. मूल उशिरा झालं होतं, आणि तिथल्या सगळ्या आयांमध्ये ती वयानं मोठी, म्हणून सगळ्या तिला ताई म्हणायच्या. बोलता बोलता कळलं की तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत, त्याच मजल्यावर. ती म्हणाली, "आमचा प्लेग्रुप आहे, दर बुधवारी माझ्या घरी. सगळ्या मराठी. ये ना. अगं, राइडची काळजी करू नकोस, एक जण तुझ्याच कॉम्प्लेक्सच्या पुढे राहते, ती पिकअप करेल."

पिकअप करणारी कोल्हापूरची होती. तिचा मुलगा माझ्या लेकीएवढाच, सतत नाक वाहणारा, हसरा. ती स्वतः कमी बोलायची. गाडीत जुन्या मराठी गाण्यांची सीडी लावायची आणि मागच्या दोन्ही बाळांना आरशातून बघत राहायची.

ताईचं घर मोठं, नवं, आरशासारखं स्वच्छ. दारातच बूट काढायचे, हाताला जंतुनाशक लावायचं. दिवाणखान्यात नव्या प्लॅस्टिकचा आणि बेबी वाइप्सचा वास. जमिनीवर रबरी चौकोन, प्रत्येकावर इंग्रजी अक्षर. पहिल्या बुधवारी मी बाळाला त्या चौकोनांवर ठेवून तिच्याशेजारी बसले, तर ताई म्हणाली, "अं हं, तिथे नाही. इकडे." आणि तिनं टीव्हीसमोर ओळीनं मांडलेल्या झुलत्या खुर्च्या दाखवल्या. एकेका खुर्चीत एकेक बाळ पट्ट्यानं बांधून बसवलं. टीव्हीवर डिस्क लावली.

पडद्यावर कापडी बाहुल्या यायच्या, लाल गोळा फिरायचा, निळी चकती फिरायची, मागे पियानोचा टिणटिण आवाज. बाळं तोंडं उघडी टाकून बघत. पापणी लवत नव्हती. हनुवटीवरून लाळ लाळेऱ्यावर ठिबकत होती आणि कोणी पुसत नव्हतं, कारण सगळ्या आया मागे सोफ्यावर चहा पीत होत्या. माझ्या लेकीनं एकदा मान वळवून मला शोधलं. मी दिसले नाही तशी ती पुन्हा त्या गोळ्याकडे बघायला लागली. तिचं तोंड उघडं पडलं. तो चेहरा मला ओळखू येईना. घरी माझ्या प्रश्नाला उत्तर शोधताना ती कपाळाला आठ्या घालायची. इथे आठी नव्हती, काहीच नव्हतं. पाण्यातून काढून ठेवलेल्या माशासारखे डोळे. 

"लहानपणी ब्रेनची एक विंडो असते गं," ताई सांगत होती. "एकदा बंद झाली की झाली. मग मोठेपणी कितीही क्लासेस लाव. तू घरी काय करतेस हिच्याबरोबर?"

"वाट्या वाजवतो," मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. ताई म्हणाली, "अगं, वाट्यांनी ब्रेन कसा डेव्हलप होणार?"

डिस्क संपली की कार्डं. पांढऱ्यावर काळे ठिपके, काळ्यावर पांढरे पट्टे, मग लाल. ताई बाळासमोर गुडघ्यावर बसायची आणि पत्ते पिसल्यासारखी कार्डं भराभर दाखवायची. तिचा स्वतःचा मुलगा खिडकीकडे बघायचा. बाहेर कुंपणावर खार असायची, तिची शेपटी हलायची, आणि तो बिचारा आनंदानं हातपाय झाडायचा. ताई दोन बोटांनी त्याची हनुवटी पकडायची आणि तोंड कार्डाकडे वळवायची. तो पुन्हा खिडकीकडे. ती पुन्हा हनुवटी धरून इकडे. शेवटी तो रडायचा. "कॉन्सन्ट्रेशन कमी आहे," ती आम्हाला सांगायची, त्याच्यादेखत. त्या हनुवटीवर तिच्या नखाची बारीक खूण मी पाहिली आहे.

मग माझ्या लेकीची पाळी. तिनं दोन कार्डं पाहिली आणि तिसऱ्याला ताईचं नाक पकडायला हात पुढे केला. ताईनं हात झटकून टाकला. म्हणाली, "जरा स्लो आहे का गं ही?"

मला चीड आली, आणि तरी मी पुढच्या बुधवारी गेले. त्याच्याही पुढच्या. कारण तिथे मराठी होतं. पोहे असायचे. कोणाचं मूल रात्री किती उठतं, कोणाच्या सासूबाई कधी येणार, हे ऐकायला मिळायचं. गाडीतली ती गाणी होती. माणूस एकटा असला की बरंच काही गिळतो.

अशाच एका बुधवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ताईनं विचारलं, "तुमचं आडनाव नेमकं काय म्हणालीस?"

मी सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कोणाला काही कळत नाही. ताईलाही कळलं नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं दुसरी वाट धरली. "मग नागपूरकडे तुमच्यात गौरी उभ्याच्या असतात की खड्यांच्या?"

"आमच्याकडे गौरी नसतात," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध."

  टीव्हीवर पियानो चालू होता.

"अय्या, हो का?" ताई म्हणाली. "छान, छान. आम्ही काही मानत नाही हं तसलं." आणि तिनं माझ्या बशीत आणखी पोहे वाढले. मी काहीच विचारलं नव्हतं, आणि तिनं उत्तर देऊन टाकलं होतं.

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो तर दाराजवळ, बूट ठेवायच्या फळीशेजारी, एक जांभळी प्लॅस्टिकची टोपली होती. त्यात चार खेळणी. ताई म्हणाली, "ही तुझ्या पिल्लाची. म्हटलं प्रत्येकीला वेगळी टोपली करावी. हायजीन गं. सगळं तोंडात घालतात."

कल्पना वाईट नव्हती. मी म्हणाले, "बाकीच्यांच्या?"

"आणायच्यात अजून. दुकानात एकच होती."

त्या दिवशी घरी आल्यावर आईचा नागपूरहून फोन आला. "काय करून राहिली माझी नात?" तिनं विचारलं. मी तिला खाणं सांगितलं, दात सांगितले, सर्दी सांगितली. टोपली सांगितली नाही. आईनं एका शब्दात ओळखलं असतं. मला ते ओळखायचं नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी बाकीच्या टोपल्या आल्या नव्हत्या. त्याच्या पुढच्याही नाही. मोठ्या पेटीतली खेळणी सगळ्या मुलांची, आणि टोपली एकटी माझ्या लेकीची. कोल्हापूरकरणीचा मुलगा रबरी कडं चोखायचा, शेंबूड त्या कड्याला लागायचा, आणि तेच कडं ताईचा मुलगा ओढून स्वतःच्या तोंडात घालायचा. ताई हसायची. "असू दे, इम्युनिटी वाढते!" मी ते सगळं बघत होते. जंतू कुठून कुठे जातात, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या घरात ज्याला स्वच्छता म्हणत होते, त्याचा जंतूंशी काही संबंध नव्हता.

त्याच सुमाराला घरी माझ्या लेकीला एक नवा खेळ सापडला. ती नऊ महिन्यांची झाली होती. एका सकाळी तिनं तोंडातला लाकडी चमचा बाहेर काढला, लाळेनं चकचकीत झालेला, आणि माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला. तिनं सोडला नाही. विचार केला. मग बोटं एकेक करून उघडली आणि चमचा माझ्या हातात पडला. मी म्हणाले, "वा! मला दिलास?" आणि तो माझ्या ओठांना लावून तिला परत दिला. तिला इतका आनंद झाला की बसल्या बसल्या ती मागे कलंडली. वस्तू देता येते, आणि दिलेली वस्तू परत येते, हे तिला तेव्हा कळलं असावं. मग दिवसभर तेच. दे, घे. दे, घे. संध्याकाळी बाप आला तर त्याच्या बुटात पडलेला ओला बिस्किटाचा तुकडा तिनं त्याला दिला. तो बिचारा खाऊन मोकळा झाला.

वसंत ऋतू होता. कॅरीत त्या दिवसांत पाइनचे परागकण उडतात, गाड्या, रस्ते, खिडक्यांच्या काचा, सगळ्यावर पिवळी भुकटी बसते. त्या बुधवारी ताईच्या घरी सगळ्या खिडक्या बंद होत्या. डिस्क झाली, कार्डं झाली. बाळांना खाली सोडलं. माझी लेक नुकतीच रांगायला लागली होती. ती सरळ मोठ्या पेटीकडे गेली, पेटीला धरून गुडघ्यांवर उभी राहिली आणि आतलं पिवळं रबरी बदक काढून तोंडात घातलं.

ताई स्वयंपाकघरातून आली. माझ्याकडे न बघता तिनं कागदी रुमाल घेतला, रुमालात बदकाची शेपटी धरली आणि ते बाळाच्या तोंडातून ओढून काढलं. हात लांब धरून ती ते सिंककडे घेऊन गेली. मेलेला उंदीर नेतात तसं.

माझी लेक रडली नाही. तिला वाटलं, खेळ सुरू झाला. तिनं बदक दिलं होतं ना. आता परत मिळणार. ती ताईच्या मागे रांगत गेली, वाटेत पडलेलं एक लाकडी कडं उचललं, दोनदा चोखलं आणि ताईच्या पायाशी बसून हात वर केला. हसत. घे.

ताईनं खाली पाहिलं. तिचा हात थोडा पुढे आला होता, सवयीनं, कोणाही बाळासाठी येतो तसा. मग तो थांबला आणि मागे गेला. तिनं दोन्ही हात कुडत्याला पुसले, जणू काही लागलंच होतं.

लेक वाट बघत राहिली. हात वरच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उत्तराला वेळ द्या. माझ्या पोरीनं दिला. तिनं ताईला पुष्कळ वेळ दिला.

"ताई," मी म्हणाले, "ती तुम्हाला देतेय. घ्या."

"अगं, माझे हात ओले आहेत."

"आत्ताच पुसलेत तुम्ही. घ्या ना."

"काय गं हे, एवढ्याशा गोष्टीचं..." ताई हसायला गेली. हसू अर्ध्यात अडकलं.

"एवढीशीच गोष्ट आहे," मी म्हणाले. "म्हणूनच म्हणतेय. नऊ महिन्यांचं लेकरू आहे. घ्या."

तिनं घेतलं नाही. सोफ्यावर कोणी हललं नाही. एकीनं बशीतला चिवडा निवडायला घेतला. कोल्हापूरची चहाच्या कपात बघत होती. मला खरोखर ओकारी येईल असं वाटलं.  त्या घराचा वास, ते वाइप्स, ते रबरी चौकोन, तो पियानो, ती सगळी हुशार होऊ घातलेली मुलं आणि त्यांच्या त्या आया. मी लेकीला उचललं. तिच्या हातातलं कडं काढून जमिनीवर ठेवलं. ती तेव्हा रडली.

"थांब, मी सोडते," कोल्हापूरची मागून म्हणाली, पण उठली नाही. मी थांबले नाही.

चालत गेले. त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. कडेच्या गवतातून, लेकीला कडेवर आणि डायपरची पिशवी खांद्यावर घेऊन. गाड्या बाजूनं जाताना वेग कमी करत होत्या, आतले लोक बघत होते. तिच्या केसांवर पिवळी भुकटी बसली. माझे काळे बूट पिवळे झाले. वाटेत तिला झोप लागली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले आणि मोठ्यानं शिव्या देत चालले. माझ्या शिव्या कळणारं तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट सोडता सोडता ऐकत होता. म्हणाला, "नक्की तसंच असेल का?"

"तू तिचा हात पाहिला नाहीस."

"तिचा नवरा माझ्या टीममध्ये आहे यार. रोज लंचला सोबत असतो. काही लोकांना वेडच असतं स्वच्छतेचं."

"शेंबडाचं नसतं, आपल्याच लाळेचं असतं?"

त्यानं बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. मला त्याचीसुद्धा किळस आली. त्या दिवशी माझ्या तावडीतून कोणीच सुटलं नाही. हा माणूस नागपूरला कॉलेजात असताना हॉस्टेलमधल्या वेगळ्या पंगतीवरून भांडलेला. त्याला काय झालं इथे? मी तसं विचारलंही. तो म्हणाला, "दमलोय गं. इथे तरी नको वाटतं." आणि मग बराच वेळ लेकीच्या पायाचा अंगठा धरून बसून राहिला.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. गैरसमज झाला, ती म्हणाली. आम्ही काही मानत नाही. कॉलेजात तिची एक जवळची मैत्रीण होती, तीही 'त्यातलीच'. "त्यातली म्हणजे कशातली?" मी विचारलं. ती म्हणाली, "बघ, तू पुन्हा चिडतेस." मी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात नवरा ऑफिसातून रंगीत कागदी पिशवी घेऊन आला. ताईनं तिच्या नवऱ्याच्या हाती पाठवली होती. आत ती डिस्क होती आणि काळ्यापांढऱ्या कार्डांचा नवा कोरा संच. वर चिकटवलेल्या कागदावर हसरा चेहरा काढलेला. म्हणजे आधी लेकीला टोपली दिली, आता शिकवणी देत होती. मी ती पिशवी घराच्या आत येऊ दिली नाही. ती रात्रभर गाडीतच राहिली. दुसऱ्या दिवशी नवरा संध्याकाळी आला तेव्हा मी विचारलं, "पिशवी?"

"परत दिली," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, माझ्या मुलीला हे नको. तो म्हणाला, का? मी म्हटलं, तुझ्या बायकोला विचार. आणि ती खरं सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. मग सांगितलं सगळं. लंचरूममध्येच. मराठीत." त्यानं पाणी प्यायलं. "उद्यापासून डबा डेस्कवर खाईन."

तो रोज डेस्कवर जेवला, ती नोकरी असेपर्यंत.

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. लेक माझ्यापुढे चमचा धरायची आणि माझा हात पुढे व्हायचाच नाही. मला दिसायचा तो दुसरा हात, मागे जाणारा.  ज्या खेळात मला इतकी मजा आली होती, त्यात त्या बाईनं थुंकून ठेवलं होतं. लेक वाट बघायची, मग चमचा खाली आपटून दुसरीकडे वळायची. एका सकाळी तिनं वळायचं सोडून माझ्या अंगावर चढून चमचा सरळ माझ्या तोंडात कोंबला. दातावर आपटला. लागलं मला. आणि मी घेतला. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, तिचा हट्टीपणा होता.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी मागच्या पॅटिओच्या काचेच्या दारावर टकटक झाली. कोल्हापूरची होती, कडेवर मुलगा, त्याचं नाक नेहमीसारखं वाहतं. "आत येऊ?" तिनं विचारलं.

मी चहा टाकला. मुलांना बेडरूममधल्या कार्पेटवर सोडलं. तिचा मुलगा पहिल्यांदा आरशातल्या स्वतःला बघून घाबरला, मग त्यानं आरशाला जीभ लावली, वरपासून खालपर्यंत. माझ्या लेकीनं त्याच्या शेजारची काच चाटली. आम्ही दोघी बघत बसलो.

"मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

ती थांबली. तिला बहुतेक मी 'जाऊ दे' म्हणेन असं वाटलं होतं. मी म्हणाले नाही.

"मलाही पहिल्या दिवशीच आडनाव विचारलं होतं तिनं," ती म्हणाली. "मी सांगितलं, तिला त्यातूनच कळलं, आणि मग तिनं पुन्हा काही विचारलं नाही. मला तेव्हा काही वाटलं नाही. बरंच वाटलं खरं तर." मग कपाकडे बघत म्हणाली, "तू गेल्यावर तिनं ती टोपली कचऱ्यात टाकली. खेळण्यांसकट. बदक आधी उकळलं, आणि मग तेही टाकलं."

"उकळून टाकलं?"

"उकळून टाकलं."

मला हसू आलं. घाण वाटली आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. ती मात्र रडायला लागली. मी तिला रडू दिलं. उठून पाठीवरून हात फिरवावा, असं मला वाटलं नाही. तिचं रडणंही मला त्या दिवशी थोडं किळसवाणं वाटलं, हे खरं सांगते. तिचं झाल्यावर मी तिला पाणी दिलं.

पण ती येत राहिली. तिनं ताईचं घर सोडलं, आणि तिथल्या बायकांना कारणही सांगितलं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तिच्याच जुन्या गाडीत मी गाडी शिकले. मुलं मागे एकमेकांचे मोजे चोखत बसायची. तिच्याशी माझी मैत्री झाली का? झाली असावी. त्या दुपारविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दोन हजार आठमध्ये नवऱ्याला नवी नोकरी मिळाली आणि आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला आलो. नवं घर, झाडं नसलेले नवे रस्ते, आणि कॅरीपेक्षा कितीतरी जास्त आपली माणसं. सामान अजून खोक्यांत होतं तेव्हाच शेजारची एक मराठी बाई ओळख करून घ्यायला आली. तिच्या हातात तीन-चार महिन्यांचं बाळ होतं. आमची लेक ते बघायला धावली आणि तिनं इंग्रजीत प्रश्नांचा भडिमार सुरू केला. बाई कौतुकानं तिला उत्तरं देत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आडनाव काय तुमचं?"

मी उत्तर द्यायच्या आत नवरा खोकं खाली ठेवून म्हणाला, "आडनावावरून कळणार नाही. आम्ही बौद्ध. चहा घेणार ना?"

"घेईन की," ती म्हणाली. "साखर कमी."

मी चहा केला. ती कप उचलेपर्यंत मी तिच्या हाताकडे बघत होते. तिनं उचलला, प्यायली, गरम आहे म्हणाली. तरी मी बघतच राहिले. अजूनही बघते, जो येईल त्याच्या हाताकडे.